हद्दीच्या दगडाखालचं कौल

अंतर : चाळीस मीटर

"हलू नका! अगदी तिथंच थांबा!"

ओदिल थिजली. एक पाय झऱ्याच्या काठावर, दुसरा चिखलात, आणि हात एप्रनच्या खिशात... मुठीत कौलाचा अर्धा तुकडा. संपलं. पकडले गेले.

पण उतारावरचा तरुण दुर्बिणीला डोळा लावून हसत होता. "मला हव्या त्याच रेषेवर आलात! ती रंगीत पट्टी जरा उभी धराल?"

मोजणीदार नऊला येणार होता. आत्ता कुठं साडेआठ...

तिनं पट्टी धरली.

"दोन्ही हातांनी धरा ना."

"एक हात कामात आहे."

"कसल्या?"

"माझ्या."

अंतर : चार मीटर

मोजणीदाराचं नाव एलोई. आज तो हद्दीच्या दगडाखाली खणणार होता.

दगड रोवताना जुन्या लोकांनी एक कौल फोडून त्याचे अर्धे तुकडे दोन बाजूंना पुरले होते. दोन्ही निघाले आणि जुळले, तर दगड खरा. एकच निघाला, तर दगड कुणीतरी सरकवलेला. मग हद्द मागं हटणार, झरा शेजारच्या कास्टेल गावाचा होणार आणि पाइपातून खाली जाणार. ओदिलच्या व्हेर्नुझ गावची बेचाळीस माणसं, तिच्या शेळ्या, धुण्याचं दगडी टाकं... सगळं कोरडं.

आणि नऊ वर्षांची असताना ओदिलनं भातुकलीला ताटली हवी म्हणून नेमकं इथंच उकरलं होतं. ती ताटली म्हणजे काय, हे तिला परवाच्या गावसभेत कळलं, आणि तो तुकडा गुपचूप परत पुरायलाच ती आज लवकर आली होती.

कास्टेलचे मेयर देल्मास दगडाशी घडीची खुर्ची टाकून बसले. "व्हेर्नुझच्या पोरी नुसत्या बघायला येतात वाटतं?"

"तुम्ही नुसते बसायला येता, तसंच."

एलोईनं हसू दाबलं. ओदिलची नजर मात्र कुदळीवरच होती.

कास्टेलच्या बाजूला कुदळ खणकन वाजली. अर्धं कौल! एलोईनं अंगठ्यानं त्यावरची माती पुसली. मग तो व्हेर्नुझच्या बाजूला वळला. माती... माती... नुसती माती.

चर्चची घंटा बारा वाजल्याचं सांगू लागली, तसे देल्मास उठले. "जेवून येतो. खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही."

अंतर : एक हात

"इथली माती भुसभुशीत आहे," एलोई हळूच म्हणाला. "आधी कुणीतरी उकरलंय."

तिनं खिशातली मूठ आणखी घट्ट केली.

"साडेतीन तास झाले... तो हात काही खिशातून बाहेर आला नाही."

त्यानं तिच्याकडं एकदाच पाहिलं—खूप वेळ.

"मी झऱ्यावर हात धुवून येतो," तो म्हणाला. "फार मळलेत. वेळ लागेल."

आणि तो तिच्याकडं पाठ करून बसला.

ओदिल खड्ड्याशी गुडघ्यांवर टेकली. दोन बोटांचं काम. कुणाला कळणार होतं? त्याला. उघडकीला आलं, तर त्याचा परवाना जाणार... आणि तरी तो हात धूत होता. केव्हाच स्वच्छ झालेले हात. उन्हानं लाल झालेली त्याची मान तेवढी तिला दिसत होती.

"एलोई."

"अजून धुतोय."

"पुरे! सालटी निघतील."

त्याच्या ओल्या तळव्यावर तिनं तुकडा ठेवला. "हा गुपचूप पुरला असता, तर यापुढं तुमच्या पाठीशीच बोलावं लागलं असतं. मला तोंड बघायचंय."

त्यानं दोन्ही अर्धे जवळ आणले. कडेला कड बसली. केसही मावला नसता.

मग त्यानं तिचा जबाब शब्दन् शब्द लिहून घेतला. ताटलीसकट. आणि पेनाला टोपण लावलं.

"सही?"

"दुसरा कुणीतरी येऊन करेल. आमचा नियम आहे, मोजणीदाराचं त्या गावात जवळचं कुणी असता कामा नये."

"आणि तुमचं... आहे?"

"सकाळी साडेआठपासून."

झरा वाहत होता. अजून तरी.

"नव्या माणसानं नाही मानलं, तर?" तिनं विचारलं. "म्हणेल, खिशातून आलेल्या तुकड्याचा काय भरवसा."

"म्हणू शकतो. मी साक्षीला येईन... तुम्ही बोलावलंत तर."

"येशील तू."

तो 'तू' तिच्याही कानांना नवा होता.

अंतर : नोंद नाही

देल्मास परतले, गळ्यातला जेवणाचा रुमाल तसाच. "सापडला का दुसरा तुकडा?"

"सापडला, मेयरसाहेब. चोरही सापडली." ओदिलनं मान ताठ केली. "मीच ती."

देल्मास तिच्या खिशाकडं बघतच राहिले. खिसा रिकामा होता, आणि हात एलोईच्या मुठीत.