ती शिडी माझी होती

ती शिडी पहिल्यांदा मी धरली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्या शिडीला हात लावणारे आणखीही निघाले.

त्या दिवशी गोंदियाहून निघालेली गाडी चक्क वेळेआधी अर्जुनीला पोचली. मला घ्यायला कोणीच आलेलं नव्हतं. मी ऑटो केला आणि केशोरीच्या अलीकडच्या त्या गावात सांगितल्या वेळेच्या बऱ्याच आधी उतरले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, महादेवाचं जुनं दगडी देऊळ, पाण्यावर पसरलेले शिंगाड्याचे वेल, पलीकडे कापणीला आलेला धान... आणि देवळाच्या खांबाला टेकवलेल्या शिडीवर एक उंच माणूस. त्याच्या हातात ब्रश होता आणि शिडीला पिस्ता रंगाच्या ऑइलपेंटचा डबा टांगलेला होता!

"ओ ताई, जरा शिडी धरता का? हालून राहिली," त्याने वरूनच हाक मारली.

मी धरली. काय करणार?

"एवढी घाई कशाला?" मी विचारलं.

"अनुदानवाली मॅडम येऊन राहिली ना! ती येण्याआधी हा खांब चकाचक झाला पाहिजे."

"अच्छा. कशी आहे मॅडम?"

"पाहिली नाही. फोनवर तर लय कडक वाटते. सुपारी फोडल्यावानी बोलते."

मी शिडी जराशी हलवली. अगदी जराशी.

"अवो, पडन ना मी!"

"पडू नका. ती मॅडम मीच."

त्याच्या हातातला ब्रश निसटला आणि पिस्ता रंगाचा एक जाड थेंब माझ्या दुपट्ट्यावर पडला. मी वर पाहिलं. तो खाली पाहत होता. रागवायचं मी विसरूनच गेले. नंतर रागावले, पण तोवर उशीर झाला होता.

आमची संस्था जुन्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीला अनुदान देते. देऊळ असो, दर्गा असो, चर्च असो. अट एकच, जुनं ते जुनंच दिसलं पाहिजे. सिमेंट नको, टाइल्स नकोत आणि दगडावर ऑइलपेंट तर मुळीच नको. आणि या भल्या लोकांनी मला खूश करायला नेमका तोच लावला होता! नियमाने अर्ज तिथेच बाद व्हायचा. देवस्थान समितीचे अध्यक्ष यादोराव कापगते धावत आले आणि माझं बोलणं ऐकून मटकन ओट्यावर बसले. तो तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला, देऊळही त्यांचंच. शिडीवरचा ओमेश हा त्यांचा मुलगा, समितीचा सचिव. शेतीचा डिप्लोमा करून धान पिकवणारा.

"म्हणजे गेलं का मॅडम?" यादोराव म्हणाले. "पावसाळ्यात कळस खाली येईल आमचा."

मला राहवलं नाही. दगडाला ओरखडा न काढता रंग उतरवलात तर अर्ज ठेवते, असं मी सांगितलं.

मग माझ्या खेपा सुरू झाल्या. रंग मऊ करायचं औषध लावायचं आणि बांबूच्या पातळ कामट्यांनी हळूहळू काढायचं, असं काम होतं. ओमेश मला स्टेशनवर घ्यायला येई. मोटरसायकलवर आम्हा दोघांच्या मधे माझी कागदांची भली मोठी पिशवी असे. देवळात पोचलं की त्याची आई, पुष्पाबाई, उकडलेले शिंगाडे पुढे ठेवी आणि "घ्या मॅडम, घ्या मॅडम" करत राही. इतक्या वेळा जायची गरज होती का? नव्हती.

"मॅडम, बाकीच्या गावी बी एवढ्या खेपा मारता का?" एकदा त्याने विचारलं.

"मारते की."

"हं." तो बराच वेळ एकाच जागी कामटी घासत राहिला. "मंग त्या गावायचं बी नशीब चांगलं हाय."

मी शिंगाडा सोलत होते. तो हातातच राहिला.

एका दुपारी शेवटचा रंग निघाला आणि खाली दगडात कोरलेली दोन मासोळ्यांची जोडी दिसली. "पाहा, पाहा ना!" ओमेशने माझा हात धरून त्या मासोळ्यांवर ठेवला. दगड गार होता. त्याचा हात नव्हता. त्याच्या ते लक्षात आलं तसा त्याने हात काढून घेतला आणि उगीच खोकला.

परतीच्या गाडीत मी हिशेबाला बसले. कोणाची शिफारस आधी करायची? सडक अर्जुनीजवळच्या एका दर्ग्याचं छत कोसळायला आलं होतं. तरी माझं मन पहिला नंबर मासोळ्यांनाच देत होतं. का, ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रमुख सुशीला मॅडमकडे गेले. "ते केशोरीकडचं काम माझ्याकडून काढून घ्या."

"का गं? तिथे कोणी नातेवाईक आहे तुझं?" आमच्याकडे तसा नियमच आहे, जिथे नातं तिथलं काम हाती ठेवायचं नाही.

"नाही..." मी म्हणाले. "अजून तरी नाही."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ते काम नीतूला दिलं.

नीतूला! आपल्याच हातांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. नीतू माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. केस मोकळे, हसणं मोकळं, जिथे जाईल तिथे घरच्यासारखी. पहिल्या खेपेहून आली ती शिंगाडे घेऊनच.

"अरे यार गुंजन, तू बोली नहीं कभी! ओमेशजी किती स्वीट आहेत! मला घ्यायला स्टेशनवर उभे."

"हं."

"आणि गाडी इतकी मस्त चालवतात ना..."

त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. मला एकच गोष्ट खात होती. नीतूची पर्स एवढीशी. ती मधे ठेवते की खांद्याला लावते?

ओमेशचा फोन आला तर मी "नीतू मॅडमशी बोला" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्यांदाही तेच. खरं कारण कसं सांगणार होते? सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिसऱ्यांदा त्याने फोन केला नाही. मग मी त्याचाही राग धरला. नीतूच्या तोंडी "ओमेशजी" आलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या मनात काही होतं की नाही, देव जाणे. मला वाटायचं, असणारच. माझ्या होतं ना!

माघात निवड समितीने दर्गा आणि देऊळ, दोन्ही मंजूर केली. मला मनापासून आनंद झाला. तो जेमतेम महिनाभर टिकला. काम सुरू झालं आणि एका सकाळी मी नीतूचं स्टेटस पाहिलं. देवळाचा खांब, वर ओमेश, खाली नीतू, दोन्ही हातांनी शिडी धरलेली. वर लिहिलेलं, 'माझं लाडकं काम.'

ती शिडी माझी होती!

मी रजा टाकली, पिस्ता डागाचा तोच दुपट्टा घेतला आणि गाडीत बसले. काय बोलायचं ते काहीच ठरवलं नव्हतं. फक्त जायचं होतं.

पाळीवर पोचले तेव्हा अवकाळी आभाळ भरून आलं होतं. ओमेश एकटाच नव्या चुन्यावर ओली पोती झाकत होता. मला पाहून त्याचे हात थांबले, पण चेहरा काही खुलला नाही.

"मॅडम? तुमी काऊन आल्या? आता तर नीतू मॅडम येतात."

"दर्शनाला आले."

"असं का. मंग महादेव आतमध्ये हाय." तो पुन्हा पोत्यांकडे वळला. मी मात्र आत गेले नाही.

"नीतू छान काम करते म्हणे," मी म्हणाले.

"करतात ना. हसून बोलतात. फोन उचलतात."

झोंबलं ते. "मग झालं तर! शिडीही चांगली धरते."

"अन् तुमी? तुमी दर्ग्याच्या कामात त्या इंजिनिअरसंग फिरून राहिल्या म्हणे. नीतू मॅडमनं सांगतलं. कोण हाय तो?"

"छोटेलाल सर?" मला हसू फुटलं. "ओमेश, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांना हात धरून जिना चढवावा लागतो."

"...हात धरून?" तो म्हणाला. आणि मग त्यालाच हसू आलं.

तेवढ्यात टपोरे थेंब सुरू झाले. ओला चुना धुऊन निघाला असता. तो ताडपत्री घेऊन शिडीवर चढला आणि मी पळत जाऊन शिडी धरली. त्याने वरची टोकं बांधली. पाऊस माझ्या डोळ्यांत जात होता, पण मी हात सोडले नाहीत. तो खाली उतरला आणि आम्ही दोघं ताडपत्रीखाली त्या मासोळ्यांपाशी अंग चोरून उभे राहिलो.

"एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "आमचं काम काऊन सोडलं? माह्यं काई चुकलं का?"

"नियम आहे. जिथे आपलं नातं असतं, तिथलं काम करायचं नाही."

"पण तुमचं आमच्या गावात कोण हाय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. "कोणीच नाही ना. तरी सोडून बसले वेड्यासारखी... आणि मग नीतूचा फोटो पाहिला, आणि मला सहन झालं नाही. बस्स. आलं ना आता कळून?"

मला वाटलं, मरावं तलावात उडी मारून.

"मी तवाच बोलणार होतो," ओमेश म्हणाला. "ज्या दिवशी ह्या मासोळ्या निघाल्या, त्याच दिवशी. पण तुमी देणाऱ्या, आमी मागणारे. गाव म्हणलं असतं, ओम्यानं देवळासाठी मॅडमले गोड बोलून पटवलं. अन् तुमालेबी तसंच वाटलं असतं तर?" त्याने माझ्या दुपट्ट्यावरचा पिस्ता डाग चिमटीत धरला. "आता ह्या देवळाचं तुमच्याकडे काई नाही ना?"

"काही नाही."

"अन् मले तुमच्याजवळ देवळासाठी काई मागाचं नाही. आता फक्त माह्यासाठी मागतो. तुमी पायजे मले, गुंजन."

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली होती. मी त्याच्या ओल्या बाहीवर कपाळ टेकलं. त्याच्या शर्टाला चुन्याचा वास येत होता.

"ओम्या!" पाळीवरून हाक आली. एका छत्रीखाली यादोराव आणि पुष्पाबाई येत होते. आम्ही झटकन बाजूला झालो. मला पाहून यादोरावांनी नमस्कार केला आणि मुलाला म्हणाले, "नीतू मॅडमचा फोन होता. उद्या येऊन राहिल्या. गाडी घेऊन टेशनवर जाजो."

"अर्जुनीला ऑटो मिळतो," मी म्हणाले.

जरा मोठ्यानेच म्हणाले. ओमेश एकदम कळसाकडे बघू लागला. यादोरावांनी बायकोकडे पाहिलं. पुष्पाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे, मग माझ्या ओल्या दुपट्ट्याकडे.

"बरं बरं," यादोराव म्हणाले. "ऑटोनं येतील त्या."

"अन् तुले वं पोरी?" पुष्पाबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत एकदाही त्यांनी मला 'मॅडम'शिवाय हाक मारली नव्हती. "तुले बी ऑटोच पाहाचा, का हा सोडाले येईल?"

ओमेशने तोवर मोटरसायकल सुरूही केली होती. आधी घरी नेऊन पुष्पाबाईंनी गरम चहा पाजला, कोरडा दुपट्टा दिला आणि मगच सोडलं.

गाडीवर बसताना मी विचारलंच. "नीतू पर्स कुठे ठेवायची?"

"मधात," तो म्हणाला. "तिनं नाही, मी ठेवाले लावली. कायले पुसता?"

"असंच," मी म्हणाले, आणि माझी पिशवी त्याच्या हँडलला अडकवून दिली.