मुकी दाई

नजा बहीग गावातल्या देवळाच्या भिंती धुऊन काढायचं काम वहीबाकडे आलं, तेव्हा तिची पंचवीस वर्षं याच धंद्यात गेली होती. कापसाचा बोळा, शुद्ध पाण्यात थोडं अल्कोहोल, आणि दिवसाला वीतभर चौकोन. कैरोच्या गोंगाटापेक्षा तिला हे मानवत होतं. सकाळी सातला परांचीवर चढायचं, दुपारी उतरायचं, आणि नवाराने आणलेली उन्हात फुगवलेली जाड भाकरी मुळूखियाच्या गरम, पातळ पालेभाजीत बुडवून खायची.

नवारा ही देवळाचे राखणदार मुतवल्ली यांची सून. नवरा तांबड्या समुद्राकडे हॉटेलात कामाला होता. तिला आठवा महिना सरत आला होता. आधीची तीन मुलं जन्मतानाच गेली होती. त्याबद्दल ती बोलत नसे. बाकी सगळ्याबद्दल बोलायची.

"डॉक्टरबाई, आजचा रोगी कसा आहे?" ती खालून विचारायची.

"बरा आहे. काजळी निघतेय."

"माणसांच्या डॉक्टर झाला असतात तर माझ्या तरी कामाला आला असतात."

"माणसं हलतात गं. भिंत बरी."

देऊळ दोन हजार वर्षांचं. कुण्या राजाने ते कोरून घेतलं, पुजाऱ्यांनी काही शतकं दिवे लावले. मग नवा धर्म आला आणि त्याच्या माणसांनी छिन्नी घेऊन देवांचे चेहरे तासले. मग देवळात बिऱ्हाडं आली, चुली पेटल्या, आणि उरलेसुरले देव काजळीखाली गेले. लोकांच्या तोंडी राहिली ती महिन्यांची नावं. "बशन्स लागला, आता शेतं झाडून नेणार," असं मुतवल्ली म्हणायचे, तेव्हा आपण चंद्रदेव खोन्सूचं नाव घेतोय हे त्यांच्या गावीही नसायचं.

उत्तरेच्या भिंतीवर काजळीतून एक राणी बाहेर आली, बाळंतपणाच्या विटांवर बसलेली. तिच्यासमोर गुडघ्यांवर हेकेत होती. बेडकाच्या तोंडाची सुईण देवी. तोंड मात्र उरलं नव्हतं, नुसते छिन्नीचे घाव. तिच्या पायाशी दगडात बोटभर खोल खाचा पडल्या होत्या.

"ही आमची मुकी दाई," नवारा म्हणाली. "माझ्या आजेसासूपर्यंत बायका इथला दगड खरवडून पाण्यातून प्यायच्या."

"आणि तू?"

"मामंजी राखणदार. सरकारी दगड कसा खरवडू?"

ती हसली. तिच्या नखांत पिवळी धूळ होती.

वहीबाने त्या चेहऱ्यावर पारदर्शक कागद लावून घाव उतरवून घेतले. सदतीस भरले. चार दिवसांनी नोंद पक्की करताना पुन्हा मोजले, तर एकोणतीस. काजळीच्या रेघाही आपण घावांत धरल्या असणार, असं म्हणून तिने आकडा दुरुस्त केला.

मग दगड ओलसर लागू लागला. नदी तिथून सहा किलोमीटर. बाकी देवळात हवा कोरडी ठणठणीत, आणि त्या भिंतीशी धरलं की हवेतला ओलावा मोजायचं यंत्र सत्तर टक्क्यांवर जायचं. काजळी बोळा टेकवण्याआधीच सैल झालेली असायची. एका दुपारी ती जेवत असताना आतून बेडूक ओरडला. एकदाच.

"शनूदा, तेवढे घाव मोज बरं," तिने सहकाऱ्याला सांगितलं.

शनूदा वर चढला. "अठरा."

"मी एकोणतीस मोजले होते."

"मग चष्मा बदल," तो म्हणाला. पण उतरताना त्याने पुन्हा एकदा वर पाहिलं, आणि त्यानंतर तो दक्षिणेच्या भिंतीवरच काम करू लागला.

बशन्सच्या नवव्या दिवशी सकाळी दहाला वारा उठला. आभाळ तांबूस तपकिरी झालं. नवारा चहाची किटली घेऊन दारात आली आणि तिथेच खाली बसली. किटली कलंडली.

"डॉक्टरबाई, वेळ आली."

इस्ना शहरातून रुग्णवाहिका निघेना. पुढचं दिसत नव्हतं. मुतवल्ली आणि शनूदा गावातल्या नर्सला आणायला गेले. वहीबाने नवाराला आतल्या दालनात, उत्तरेच्या भिंतीशी नेलं, तिच्या पाठीशी बसली, तिचं डोकं छातीशी घेतलं आणि तिचे दोन्ही हात हातांत धरले. वाळूने दार भरून गेलं. उजेड मावळला.

तासभर काही पुढे सरकलं नाही. नवारा थकत चालली.

"हेही जाणार," ती म्हणाली.

"नाही जाणार."

वहीबाला यातलं काहीच येत नव्हतं.

मग चिखलाचा वास आला. पूर ओसरल्यावर शेताला येतो तसा.

नवाराचा श्वास सावकाश झाला. "किती गार हात आहेत तुमचे," ती म्हणाली. "तसेच राहू द्या पोटावर."

वहीबाचे दोन्ही हात नवाराच्या मुठींत होते. घामाने तापलेले.

तिने समोर पाहिलं नाही.

दगडावर काहीतरी ओलं सरकलं.

मूल रडलं.

नर्स आली तेव्हा मुलगी आईच्या पोटावर पुसलेली, स्वच्छ पडली होती. "पायाळू आहे," नर्स म्हणाली. "मानेवर वेढ्याच्या दोन खुणा आहेत. नाळ कुणी सोडवली?"

"मी," वहीबा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती परांचीवर चढली. दाईचा चेहरा पुरा होता. रुंद ओठ, गुळगुळीत गाल. एकही घाव नाही. शनूदाने फोटो काढले. काम अप्रतिम झालं म्हणून कैरोहून निरोप आला. वहीबाने अहवालात घावांचा आकडा लिहिलाच नाही. तिला भीती वाटत नव्हती, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. कुणाला तरी फार वर्षांनी आपलं काम परत मिळालं होतं, आणि ते काम चांगलं झालं होतं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सातव्या दिवशी सुबूआ झाला, म्हणजे बाळाचं बारसं. मुलीला चाळणीत निजवलं, चारी बाजूंना मीठ उधळलं. नवाराने तिला सात वेळा ओलांडलं. कुणीतरी पितळी खल कुटत बाळाच्या कानाशी ओरडलं, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!" मुतवल्ली डोळे पुसत सगळ्यांना खारे दाणे वाटत होते. मुलीचं नाव वहीबा ठेवलं होतं.

"इतका गोंगाट, पण एकदाही रडली नाही," नवारा अभिमानाने म्हणाली. "बघा तरी, तुमच्याकडे कशी टक लावून बघतेय."

मोठी वहीबा चाळणीवर वाकली. खिडकीतलं ऊन तोंडावर आलं, तशी बाळाने पापणी लववली. वरची पापणी जागची हलली नाही. खालची सावकाश वर आली, बेडकाची येते तशी, डोळा झाकून गेली, आणि पुन्हा खाली उतरली.