मंद्रूपला दोघांची जागा

हे खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. तुम्हाला पटवायला मी बसलेलो नाही.

भुतं रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगतो. ही रात्र नव्हती. भर दुपार होती. साल त्र्याहत्तर, कार्तिक महिना, गुरुवार. मी सिद्धप्पा, राहणार वळसंग, दक्षिण सोलापूर.

माझी बायको अक्कम्मा त्याच वर्षी चैत्रात गेली. दुष्काळी कामावर खडी फोडताना उन्हानं पडली. मुकादम म्हणाला, "नाटक करतीया. पडू दे." अर्धा तास ती तशीच पडून होती. त्या मुकादमाला पुढं मोठं काम मिळालं. तेही लिहून ठेवतो.

मी रडलो नाही.

आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात. माझ्या हातानं तिला शेतात बसवलं, माती लोटली, आणि घरी येऊन बैलांना वैरण टाकली. आत काहीच हललं नाही. त्या दिवशी नाही. नंतरही नाही.

त्याच्या तीन वर्षं आधी मला विषमज्वर झाला होता. तेव्हा अक्कम्मा गुड्डापूरच्या दानम्मादेवीला बोलली होती, मालक जगला तर पायी येईन. मी जगलो. एक वर्ष सुगीत गेलं, मग दुष्काळ आला, मग ती गेली. नवस राहिला.

सासू, सुंदरम्मा, आमच्याच घरात होती. ती रोज टोचायची.

"अय्यो शिवा! तुजा जीव नवसाचा हाय सिद्धप्पा. तिला जमलं न्हाय, तू जा. न्हायतर माजी पोरगी तितंच अडकल."

"मोटारीनं जातो की."

"ती पायी बोलली. लई अक्कल हाय न्हवं तुला? मग बायको का वाचवली न्हाईस?"



मी ठरवलं, जायचं. एकट्यानं. एवढ्या लांब कधी चाललो नव्हतो. अमावास्येच्या जत्रेला लोक घोळक्यानं मोठ्या रस्त्यानं जातात, गात, ओरडत. मला माणसं नको होती. मी आडवाट धरली. पहिला मुक्काम मंद्रूप. दुसरा भंडारकवठे, भीमेकाठी. नावेनं पलीकडं. मग उमदी. मग गुड्डापूर.

त्या वाटेवर एक रीत होती. मुक्कामाच्या घरी आधी जाऊन सांगायचं, आणि जितकी माणसं येणार तितके दगड कट्ट्याच्या कोपऱ्यात ठेवायचे. दगड असेपर्यंत घरवाल्यानं जागा मोडायची नाही. ठेवणाऱ्यानंच दगड उचलायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

त्या गुरुवारी मी सायकलवर मुक्काम सांगायला निघालो. खिशात ओढ्यातला एक गोटा.

मंद्रूपला गोजाबाई कट्ट्यावर शेंगा फोडत बसली होती. त्या वाटेचे लोक तिच्याकडंच उतरायचे. मी तिला कधी बघितलं नव्हतं, तिनं मला नाही.

"कुटनं आलास बाबा?"

"वळसंग. अमावास्येला गुड्डापूरला चाललोय. एकट्याची जागा सांगायला आलो."

"एकट्याची?" ती हसली. "भांडलाय व्हय बायकोसंगं?"

तिनं कोपऱ्याकडं बोट केलं.

तिथं... दोन दगड होते.

गोटे नव्हते. काळी खडी होती. हातोडीनं फोडलेली. धारा अजून ताज्या.

"सिद्धप्पा तूच न्हवं? बायको ठिवून गेली की तुजी. म्हणली, दोघांची जागा. मालक यील इचारायला."

"कधी आली होती?"

"काल. ऐन दुपारी."

मला वाटलं, म्हातारीचा दिवसांचा घोळ झालाय. अक्कम्मा जिवंतपणीच कधीतरी येऊन गेली असेल. मी विचारलं, "दिसायला कशी होती?"

"उंच. डाव्या अंगठ्याला चिंधी बांदलेली. बस म्हणलं तर बसंना की. म्हणली..."

गोजाबाईनं तोंडात एक दाणा टाकला.

"म्हणली, बसून बसून पाय आखडल्यात मावशी. जरा चालू दे."

अंगठ्यावर हातोडी बसली ती मरायच्या आधी चार दिवस. ती चिंधी मीच बांधली होती.

"आता तुजा दगड ठिवतोस काय? मग तीन व्हतील. तिसरं कोण, सासू?" गोजाबाई पुन्हा हसली.

तेव्हाच ओरडून सांगायला पाहिजे होतं. ती बाई मेलीय, जागा मोडा.

मी म्हणालो, "राहू द्या."

गोटा खिशातच राहिला. मी सायकलवर बसलो आणि परत न फिरता नदीकडं गेलो. का, ते विचारू नका. पाय चालत होते, म्हणून गेलो.

भंडारकवठ्याला महिपतीची नाव. आडवाटेला गिऱ्हाईक नसायचं, म्हणून जातानाची आणि येतानाची वेळ आधी सांगावी लागायची. मी माझं नाव आणि गाव सांगितलं.

"तुमच्या घरातनं सांगून झालं की," तो म्हणाला. "आज सकाळीच. जाताना दोघं."

"आणि येताना?"

"मी बी त्येच इचारलं." त्यानं बिडी विझवली. "ती म्हणली... येतानाची नको."

नदी संथ होती. काठावर पाखरू नव्हतं. वारा नव्हता.

आणि पलीकडून आवाज आला.

ठक... ठक... ठक...

"तिकडं खडीचं काम चालू हाय काय?"

"कसलं काम? पाऊस पडला, कामं बंद झाली. तुमाला काय ऐकू येतंय?"

ठक... ठक...

मग थांबला. खडी फोडणारं माणूस, कुणी आलं की मान वर करून थांबतं, तसा थांबला.

मला भीती वाटली नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. मी नावेत एक पाय टाकलासुद्धा.

"अमावास्येला की वो, आता कुटं?" महिपतीनं माझा हात धरला आणि लगेच सोडला. "लई गार पडलाय तुमी. जावा घरला."

मी घरी आलो. सुंदरम्मानं विचारलं, "सांगितलास मुक्काम?" मी हो म्हणालो. बाकी काही बोललो नाही.

अमावास्येच्या चार दिवस आधी निघायचं होतं. मी उठलो नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. नावेत पाय टाकताना बरं वाटलं होतं, आणि त्याचीच आता भीती वाटत होती. मला जगायचं होतं. बायको गेली तेव्हा जे कळलं नाही ते तेव्हा कळलं. भ्याड म्हणा. मीही म्हणतो.

सुंदरम्मा दारात उभी राहिली. साठीची बाई.

"माज्या लेकीनं तुज्यासारक्यासाठी नवस केला," ती म्हणाली. "तू हितंच सड. मीच जाते."

गाठोडं बांधलं, काठी घेतली. मला उठून म्हणता आलं असतं, आत्या, थांबा. नाव दोघांची सांगितलेली आहे. येतानाची सांगितलेली नाही.

मी पडूनच राहिलो. काठीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकला.

आठवड्यानं आली नाही. पंधरा दिवसांनी मी शोधायला निघालो.

गोजाबाई म्हणाली, "म्हातारी ऱ्हायली की एक रात. ताटं दोन घेतली. मी म्हणलं भूक लागली आसल. सकाळी बघितलं तर कोपऱ्यात दगड न्हाईत."

महिपती म्हणाला, "सोडल्या की पलीकडं. दोघी. मायलेकी असाव्यात, मला वाटलं. म्हातारी लई बोलत हुती, हसत हुती. दुसरी तीच, नावंचं सांगून गेलेली, गप. उभीच हुती नावेत."

उमदीत कुणी बघितलं नव्हतं. गुड्डापुरात कुणी बघितलं नव्हतं. पोलिसांनी लिहून घेतलं आणि मलाच दोन दिवस बसवून ठेवलं. म्हातारी आजतागायत सापडली नाही. ना गाठोडं, ना काठी.

नवस फिटला की नाही, मला माहीत नाही. मी जगतोय. खातो, झोपतो, बैल हाकतो.

रडायला अजून येत नाही.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. मी सुंदरम्माला नदीवरचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती थांबली असती... की लेक वाट बघतीय म्हणून त्याच दुपारी धावत निघाली असती?

इतकी वर्षं झाली, ठरवता येत नाही.