बहिरूचा रिचार्ज

कंपनीची रेंज कुठं येते आणि कुठं मरते, हे गाडीतून फिरत मोजणं हे माझं काम. भूतबित मी मानत नाही. यंत्र दाखवेल तेच मानतो. म्हणजे मानायचो. गंगापूर रोडवर फोनच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात. नांदगाव सोडून आत वळलं की एकेक गळायला लागते.

त्या दुपारी वस्तीवर पोचलो. विहिरीजवळच्या उंचवट्यावर तेवढी एक काडी येत-जात होती. तिथंच कुसाबाई फोन कानाला लावून बसल्या होत्या.

"कोणाला लावताय, मावशी?"

"मालकांना. गेल्या उन्हाळ्यात मोटार बघाया इथंच उतरले, पाय घसरला. मानूस वर काढला, फोन नाय घावला."

दुःखानं भ्रम झालाय, असं मला वाटलं. "मग तो फोन लागेल कसा?"

"रिचार्ज मारते ना मी, दर महिन्याला. तुमीच ऐका."

मी ऐकलं. बुडालेला फोन 'बंद आहे' असं ऐकू यायला हवं होतं. पण ध्वनिफीत सांगत होती, ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"बंद नाय म्हनत," कुसाबाई हळूच म्हणाल्या. "बाहेर हाय म्हनती. साहेब, येवढा टॉवर द्या... लय बोलायचं राहून गेलं हो."

मला भडभडून आलं. 'रेंज नाही, टॉवर हवाच' असा शेरा मी तिथंच लिहिला.

टॉवर सुरू झाला त्या सकाळी पुन्हा मोजायला गेलो. विहिरीवर सगळ्या काड्या भरल्या, आणि कुसाबाईंच्या हातातला फोन वाजला. स्क्रीनवर त्यांच्या मालकांचा टोपीतला फोटो, खाली नाव 'बहिरू'.

"घेऊ नका, मावशी..."

त्यांनी घेतला. बराच वेळ नुसतं ऐकलं. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "आले हो... आले." आणि फोन कानाला लावूनच विहिरीच्या पायऱ्या उतरू लागल्या.

मी धावलो. खालच्या पायरीवर त्यांच्या चपला होत्या. पाणी हललंही नव्हतं. गावानं विहीर तळापर्यंत उपसली. कुसाबाई मिळाल्या नाहीत, फोनही नाही.

परवा दुपारी घरी एकटाच होतो. राहवेना, म्हणून कंपनीच्या नोंदीतून दोघांचे नंबर काढले आणि बहिरूचा लावला. दुसऱ्या कॉलवर व्यस्त. कुसाबाईंचा लावला. तोही व्यस्त. पुन्हा बहिरूचा लावला, तर... 'आपला कॉल प्रतीक्षेत आहे.'

घाबरून फोन कट केला, बंद केला आणि कपाटात टाकला.

संध्याकाळी बायको, सुवर्णा, बाजारातून चिडूनच आली.

"अहो, दुपारभर कोणाशी बोलत होतात? सारखा व्यस्त लागत होता तुमचा फोन."