दुसरबीड ते दिब्रुगड

‘मला रुजू होता येणार नाही’ एवढं लिहून पुष्पांजलीचं बोट मोबाईलवर थबकलं... आणि आतल्या खोलीतून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला. टण्!

एकच ठोका! तीन वर्षांपूर्वी वडिलांची, उत्तमरावांची, उजवी बाजू लुळी पडली तेव्हापासून ती या ठोक्याला बांधली गेली होती. जन्मभर एसटीत कंडक्टर राहिलेला माणूस, खाटेवरही घंटीची भाषा सोडेना. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला; आणि तिच्या नशिबी कायम एकच! पाणी, औषध, कूस बदलणं... सख्ख्या भावानं, पुण्याच्या शिवमनं, “मले रजाच भेटत नाई” म्हणून हात झटकले, आणि पस्तिशी उलटलेली ही एकटी दुसरबीडच्या त्या चार भिंतींत कोंडली गेली.

आणि आता, इतक्या परीक्षा देऊन, नोकरी लागली ती थेट आसामात, दिब्रुगडच्या शाळेत! मोबाईलवर ती रोज चोरून तेच पान उघडायची: संभाजीनगर विमानतळ ते दिब्रुगड विमानतळ, एकवीसशे सत्तर किलोमीटर, उड्डाण तीन तास. तीनच तास तर... असं व्याकुळ मनाला समजवावं, तोच ठोका पडायचा.

ती आत गेली. खाटेपाशी, मागच्या दारानं आलेला शिवम! बॅग अजून खांद्यावरच होती.

“आता काऊन आला?” तिनं उंबऱ्यातूनच विचारलं.

“बाबांनी फोन केला, ताई. आता घरूनच काम करतो, बाबाईले मीच पाहीन.” त्याची मान वर होईना. “चुकलो मी...”

उत्तमरावांनी उशीखालून कागद काढला. डाव्या हातानं लिहिलेलं वेडंवाकडं वेळापत्रक होतं ते.

“तुह्या मोबाईलवरचं पान मी कवाचंच पाह्यलं, पोरी. तीन तास झूट हाय! त्याईनं थांबे धरलेच नाईत. हितून संभाजीनगर, मंग मुंबई, मंग कलकत्ता... वीस तास लागतात.”

“म्हणूनच मी जात नाई, बाबा! तुमाले काही झालं तं...”

“तं येऊ नको.” म्हातारा शांतपणे म्हणाला. “वीस तास कोनी मढं ठेवत नाई. शिवमले सांगून ठेवलं, तिच्यासाठी थांबू नका. तुही तीन वर्षं घेतली मी... आता आनखी एक दिवस नाई घेत.”

ज्या बापाला तिनं मनातल्या मनात पहारेकरी म्हटलं होतं, तो आपला शेवटचा निरोपही तिच्यासाठी सोडून बसला होता! खाटेच्या कडेवर डोकं टेकून ती ओक्साबोक्शी रडली, आणि शिवमनं भीतभीत तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

बऱ्याच वेळानं उत्तमरावांचा डावा हात पेल्याकडे सरकला. टण्!

सवयीनं ती उठलीच, पदरानं डोळे पुसत. “काय पाह्यजे, बाबा?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि चमचा दुसऱ्यांदा पेल्यावर मारला.