पंखा फिरेना

पुलाचं काम चाललं होतं, म्हणून हमरस्त्यावर गाड्यांची ही भलीमोठी रांग लागली होती. रांग जागची हलत नव्हती. हलत होता तो फक्त तिच्या गाडीतला तापमानाचा काटा. अर्ध्यावरून वर… आणखी वर… लाल रेषेला टेकायला आला, तशी तिने गाडी कशीबशी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. अकरा वाजून पाच मिनिटं. बाराला नोकरीची मुलाखत, आणि ती प्रशिक्षण संस्था अजून सव्वीस किलोमीटर लांब!

"काय झालं गं ठिणगे?" मागच्या सीटवरून मावशीने विचारलं. लहानपणी घरातला रेडिओ उघडून तिने शॉक खाल्ला होता, तेव्हापासून मावशीने तिचं नावच ठिणगी ठेवलं होतं. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. आज दुखरे गुडघे घेऊन ती हट्टाने बरोबर निघाली होती.

"इंजिन तापलंय. तू खाली उतरून झाडाखाली बस बघू."

तीन वर्षं ती एका छोट्या संस्थेत वायरिंग शिकवत होती, कंत्राटावर. कंत्राट या महिन्यात संपत होतं. आजची जागा कायमची होती, वीज आणि गाड्यांची दुरुस्ती दोन्ही शिकवायची, आणि एकच होती. बॉनेट उघडताच तोंडावर गरम झळ आली. तिने फडकं घेतलं, रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला—

"हात लावू नका!"

ती दचकलीच. मोटारसायकल उभी करून, लाल हेल्मेट हातात घेऊन एक तरुण तरातरा येत होता.

"उकळतं पाणी थेट तोंडावर येईल. थंड होईपर्यंत झाकण उघडायचं नाही."

"मला कळतं ते."

"कळतं, मग हात तिथे कसा?"

तिने हात मागे घेतला. राग आला, तो जास्त स्वतःचाच. पण हा माणूस एवढा ओरडला आणि डोळ्यांत मात्र रागाचं नाव नाही… नुसती काळजी.

"मला विजेतलं कळतं," ती जरा नमून म्हणाली. "गाडीतलं तितकंसं नाही."

"माझं बरोबर उलटं. चला, दोघांचं मिळून एक डोकं तरी होईल."

मावशी झाडाखालून खुदकन हसली.

त्याने तिला जरा वेळ इंजिन चालू करून एसी लावायला सांगितला. एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायलाच हवा. पंखा ढिम्म. इंजिन पुन्हा बंद. मग त्याने फ्यूज काढून उन्हात धरला, आतली तार शाबूत होती. तो बोटांनी काम करत होता आणि ती त्या बोटांकडे बघत होती… घाई आहे, पण धांदल नाही. मग तिला घड्याळ आठवलं. अकरा सोळा.

"रिले," तो म्हणाला. "पंख्याला वीज सोडणारा दरवानच म्हणा. हॉर्नचाही याच मापाचा आहे, अदलाबदल करून बघू."

अदलाबदल झाली. आतून टक् असा आवाज आला. पंखा मात्र तसाच.

"मग मोटरच गेली म्हणायची."

"म्हणायची कशाला? बघू की! थांबा, माझ्याकडे वायर आहे."

ती मागच्या सीटकडे धावली. तिथे तिने मुलाखतीत दाखवण्यासाठी केलेला लाकडी बोर्ड होता, दिवे आणि बटणं बसवलेला. त्याच्याखालच्या पिशवीतून तिने वायर काढली आणि बॅटरीवरून थेट पंख्याला जोडली. पंखा भर्रकन फिरला!

"मोटर ठणठणीत आहे," ती ओरडलीच. मग एक वायर काढत म्हणाली, "आता जाणारी वीज आपली, आणि परतीची वाट गाडीची." पंखा पुन्हा ढिम्म. "बघितलंत? परतीची वाटच तुटलीय. अर्थिंग!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. गाडीच्या पुढच्या दिव्यामागे वाकून त्याने ती वायर शोधली, ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली होती. नवाकोरा, चकचकीत रंग… बोल्टच्याही खाली.

"गाडी नुकतीच रंगवली का?"

"मामाने. गेल्या आठवड्यात. मुलाखतीला जाताना गाडी कशी दिसायला हवी म्हणून!" तिने कपाळाला हात लावला. रंगातून वीज कशी जाणार?

"पत्रा खरवडावा लागेल. कानस आहे माझ्याकडे," म्हणत त्याने पाठीवरची पिशवी उघडली. कानशीबरोबर एक लिफाफा बाहेर घसरला. तिने तो उचलला, आणि हात तसाच राहिला. तोच शिक्का. तीच संस्था. तीच तारीख, बारा वाजता.

"तुम्हीपण?"

"हं."

"कधी कळलं तुम्हाला… माझं?"

"मघाशी. बोर्डावर संस्थेचं नाव बघितलं तेव्हा."

"आणि तरी थांबलात? मोटारसायकलवर आहात तुम्ही, गाड्यांमधून केव्हाच निघून गेला असतात! एकच जागा आहे!"

"माहीत आहे." तो पहिल्यांदाच अडखळला. "निघायचं ठरवलं होतं… पाय निघेना."

मग तिने त्याच्या हातातून कानस काढून घेतली.

"जा तुम्ही."

"पाच मिनिटांचं काम आहे—"

"म्हणूनच. माझ्यामुळे तुमची मुलाखत हुकली तर मला ती जागा घशाखाली उतरायची नाही. आणि मलाही नाही मिळाली, तर तुमचं तोंड आठवून रडू येईल. जा ना!"

"रांग सुटली की गाडी पळती ठेवा, वाऱ्याने इंजिन गार राहतं," एवढंच म्हणून तो हेल्मेट चढवून निघाला. तिने मान वर केली नाही. पण मोटारसायकलचा आवाज पार विरून जाईपर्यंत कानस जागच्या जागी थांबली होती.

"पोरगा चांगला होता गं," मावशी म्हणाली.

"मावशी, आता नको!"

डोळ्यांत घाम जात होता. रंग निघाला, खालचा पांढरा पत्रा चमकला. बोल्ट आवळून, देवाचं नाव घेऊन तिने इंजिन चालू केलं, एसी लावला, आणि पंखा फिरला. झाकण आता हात लावण्याइतकं गार झालं होतं. ते सावकाश उघडून कमी झालेलं पाणी भरलं. अकरा सदतीस. पुढची रांग सुटली होती. सव्वीस किलोमीटर ती एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर ठेवून आली. काटा अर्ध्यावरून ढळला नाही. फाटकातून आत शिरली तेव्हा बाराला एक मिनिट कमी होतं.

व्हरांड्यात अकरा उमेदवार बसले होते. तो उभा होता, फाटकाकडे तोंड करून. ती दिसताच त्याने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला, आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात दुसरीकडेच बघू लागला.

तो तिच्या आधी आत जाऊन आला. तिचा नंबर लागला तेव्हा प्राचार्यबाईंनी बोर्ड बघितला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "अलीकडे तुम्ही शोधलेला एखादा बिघाड सांगा."

तिने सगळं सांगितलं. शेवटी चाचरत म्हणाली, "पण मॅडम… एकटीने नाही. फ्यूज, रिले दुसऱ्या एका उमेदवाराने तपासले. ते बाहेर आहेत."

प्राचार्यबाई शेजारच्या सरांकडे बघून हसल्या. "ते मघाशीच येऊन गेले. त्यांनीही हाच बिघाड सांगितला. म्हणाले, मी मोटर गेली म्हणत होतो, चुकलो. खरं कारण शोधणाऱ्या मॅडम बाहेर बसल्या आहेत, उन्हात गाडी दुरुस्त करून आल्यात, जरा सांभाळून घ्या."

पुढच्या प्रश्नांची उत्तरं तिने कशी दिली, ते तिलाही आठवत नव्हतं.

तीन वाजता फलकावर कागद लागला. वर तिचा नंबर होता, खाली प्रतीक्षा यादीत त्याचा. मावशीला सांगायला ती धावत गेली नाही, आधी त्याला शोधू लागली. जिन्यात तो दिसला.

"अभिनंदन," तो म्हणाला, मनापासून. "योग्य झालं."

"आणि तुम्ही?"

"एका कारखान्यातून बोलावणं आहे. लांब आहे, रेल्वेने अख्खा दिवस. सोमवारी हजर व्हायचं." तो एक पायरी उतरला. "येतो मग."

"थांबा." ती म्हणाली. वर कुणीतरी दार लावलं, खाली कुणीतरी हसलं. "सकाळी मी तुम्हाला हाकललं. ते जागेसाठी नव्हतं. तुम्ही आणखी पाच मिनिटं थांबला असतात, तर मलाच तुम्हाला जाऊ देववलं नसतं."

तो वळला. एक पायरी परत वर चढला. मग हळूच म्हणाला, "मी पुढे जाऊन मोटारसायकल थांबवली होती. दोनदा. परत फिरलो असतो, तर तुम्ही रागावला असतात…"

"रागावले असतेच!"

"म्हणून नाही आलो. पण इथे पोचल्यावर, तुम्ही दिसेपर्यंत… मला माझा नंबरसुद्धा आठवत नव्हता." तो थांबला. "मी लांब चाललोय. फोन करीन, पत्र लिहीन, महिन्यातून एकदा येईन. तेवढं पुरेल का?"

"नाही पुरणार," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. "एकदा तुम्ही या… आणि एकदा मी येईन."