धाकूच्या घराची डागडुजी

गंधालीचा पाय सिमेंटच्या पत्र्यातून आरपार गेला, तेव्हा खाली धाकू चहा पीत बसला होता.

"कोण आहे? बिबट्या?"

"बिबट्या सँडल घालतो का?" वरून रडवेला आवाज आला.

त्याने शिडी लावली, हात धरून तिला उतरवलं. हात सोडायला दोघांनाही जरा उशीरच झाला...

मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या पाड्यांवरची आदिवासींची घरं सुधारणाऱ्या एका संस्थेत गंधाली आर्किटेक्ट होती; छप्पर तपासायला ती वर चढली होती. धाकू वारली हा याच पाड्यावर वाढलेला, अंधेरीच्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन.

"माझं घर सोडा, मॅडम. आई गेली, आता इथे मन लागत नाही. अंधेरीत खोली बघतोय मी."

"पण पत्रा मी फोडलाय ना! तेवढा तरी बदलू द्या."

पत्र्याच्या जागी कौलं आली, मग काम वाढतच गेलं. पाणी आत शिरू नये म्हणून जोतं उंच झालं. कुडाच्या भिंती मात्र तिने राखल्या. गारवा त्यांचाच होता. धाकू सुट्टीच्या दिवशी माती कालवायला यायचा.

"नाकाला माती लागलीय, मॅडम."

"मग पुसा ना... म्हणजे, सांगा ना, कुठे!"

तो हसला, की तिला दिवसभर पुरायचं. नाहूरच्या फ्लॅटचं कुलूप उघडलं की ती आधी टीव्ही लावायची, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. आईवडील कुडाळला परत गेल्यापासून तिच्याशी घरात कुणी बोललंच नव्हतं.

एकदा चुलीमागच्या भिंतीत खिडकी काढायचं तिने सुचवलं.

"आई धुरात खोकायची. खिडकी काढू, काढू म्हणत राहिलो मी..." धाकूने मान वळवली. "आता कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," ती हळूच म्हणाली. "तुम्हीही श्वास घेताच ना?"

खिडकी झाली. काम संपलं. धाकू नुसतं "थँक्यू" म्हणाला, तीही "काळजी घ्या" म्हणून निघाली. नाहूरला आल्यावर टीव्ही लावूनही घर मुकंच राहिलं.

रविवारी तिला राहवलं नाही. दाराला कुलूप दिसणार, या धास्तीने ती पाड्यावर पोचली. दार उघडं होतं. उंबऱ्यात धाकू, शेजारी भरलेली बॅग.

"काही काम राहिलंय का, मॅडम?"

"काम नाही... बोलायचं राहिलंय." ती एक पाऊल पुढे आली. "खोली नको घेऊस, धाकू."

ते 'घेऊस' ऐकून तो चमकला. "इथे एकट्याने राहू? खायला उठतं गं घर."

"एकट्याने राहा, असं म्हटलं का मी?"

त्याने बॅग उचलून आत ठेवली, आणि दारातून बाजूला झाला.

"ये ना..."

गंधाली आत गेली.